रजेत दातांचं काम करून घेताना: व्हिडिओ कॉलपासून परतीच्या विमानापर्यंत

मस्कत, दोहा, कुवेत, दुबईत नोकरीला असलेली किंवा जहाजावर जाणारी कोकणातली बरीच माणसं दातांची मोठी कामं गावच्या रजेसाठी राखून ठेवतात. तिकडे खर्च जास्त, कंपनीच्या विम्यात दात बहुधा बसत नाहीत आणि आपल्या भाषेत बोलणारा डॉक्टर बरा वाटतो. मग व्हिडिओ कॉलवर सल्ला घ्यायचा, दर ठरवायचा, टोकन पाठवायचं आणि रजेत येऊन काम उरकायचं. या पद्धतीत मुळात वाईट काही नाही. रत्नागिरी जिल्ह्यात दंतवैद्यकी करताना मला रोज दिसतं ते असं, की सगळं बिघडतं ते क्रम चुकल्यामुळे. तिकीट आधी काढलं जातं आणि एक्स-रे नंतर. दर आधी पक्का होतो आणि तपासणी नंतर. कॅप बसवायची ती विमानाच्या आदल्या दिवशी.

एक गोष्ट सुरुवातीलाच मनात पक्की करा. फोनवर मिळतो तो अंदाज असतो. उपचार ठरतो तो तोंडात आरसा घालून, हिरडी मोजून, दात ठोकून पाहिल्यावर. म्हणून रजेचं नियोजन असं हवं की खुर्चीत बसल्यावर बेत बदलला तरी तुमचं नुकसान होऊ नये. पुढचे टप्पे त्याच हिशेबाने दिले आहेत.

टप्पा १: हे काम रजेपर्यंत थांबेल का?

जुनी कॅप बदलणं, पडलेल्या दाढेच्या जागी इम्प्लांट (हाडात स्क्रू बसवून त्यावर दात), पुढच्या दातांची ठेवण, नवी कवळी ही कामं थांबू शकतात. पुढच्या लक्षणांना मात्र थांबवायचं नाही:

- गालावर किंवा जबड्याखाली वाढत जाणारी सूज, सोबत ताप
- तोंड उघडेनासं होणं, गिळताना किंवा बोलताना त्रास
- जिभेखाली सूज, श्वास घ्यायला जड वाटणं
- सूज डोळ्याकडे सरकणं

यातलं काहीही असेल तर गावच्या डॉक्टरला फोन करत बसू नका. जिथे आहात तिथल्या रुग्णालयाच्या इमर्जन्सीत त्याच दिवशी जा. जहाजावर असाल तर कॅप्टनला सांगा. जहाजांना रेडिओवरून वैद्यकीय सल्ला मिळण्याची सोय असते. शिवाय खलाशांसाठीच्या २००६ च्या आंतरराष्ट्रीय कामगार करारात, म्हणजे एमएलसीमध्ये, आवश्यक दंतउपचारही धरलेले आहेत. मागताना संकोच करू नका.

सावधान: व्हिडिओ कॉलवर अँटिबायोटिकचं नाव विचारून कोर्सवर कोर्स करत रजेची वाट पाहणं हा सगळ्यात धोक्याचा मार्ग आहे. गोळीने सूज उतरते, पण दाताच्या आतली सडलेली नस तिथेच राहते. पुढची सूज पहिलीपेक्षा मोठी येऊ शकते.

टप्पा २: एक्स-रे, फोटो आणि औषधांची यादी

हे सगळं कॉलच्या आधी तयार हवं. नुसता चेहरा दाखवून "डॉक्टर, ही दाढ दुखते" म्हटलं तर मिळणारा सल्लाही तेवढाच ढोबळ असणार.

तुम्ही राहता तिथेच पूर्ण जबड्याचा ओपीजी एक्स-रे काढून घ्या. काळी फिल्म ट्यूबलाइटसमोर धरून काढलेला फोटो उपयोगाचा नाही. सेंटरकडून डिजिटल फाइल मागा आणि व्हॉट्सअॅपवर ती 'फोटो' म्हणून न पाठवता 'डॉक्युमेंट' म्हणून पाठवा, नाहीतर बारकावे पुसले जातात. ओपीजीची मर्यादाही माहीत असू द्या. तो सपाट असतो आणि त्यात दात मूळ आकारापेक्षा मोठे दिसतात. हाडाची रुंदी त्यावरून कळत नाही. इम्प्लांटसाठी सीबीसीटी, म्हणजे जबड्याचा त्रिमितीय स्कॅन लागतो. तो आधीच काढला असेल तर त्याची मूळ डिजिटल फाइल (डायकॉम) जपून ठेवा, तिची छापील प्रत पुरत नाही.

फोटोंची रीत अशी. सेल्फी कॅमेरा नको, मागचा कॅमेरा वापरा. खोलीतल्या सोबत्याला फोन धरायला सांगा, साधारण वीतभर अंतरावर, फ्लॅश लावून. स्टीलचे दोन चमचे कोमट पाण्यात धुऊन घ्या आणि त्यांच्या देठांनी ओठांचे कोपरे दोन्ही बाजूंना ओढा. दात मिटून एक फोटो समोरून, एक उजवीकडून, एक डावीकडून. मग तोंड पूर्ण उघडून, मान मागे टाकून वरच्या दातांचा आणि हनुवटी खाली घेऊन खालच्या दातांचा. एवढे पाच फोटो नीट आले की डॉक्टरला कॉलवर "जरा उजेडात या" म्हणत बसावं लागत नाही.

आणखी एक तपासणी घरच्या घरी करा. स्वतःची मधली तीन बोटं उभी करून वरच्या आणि खालच्या पुढच्या दातांमध्ये घाला. तिन्ही आरामात गेली तर ठीक. दोनच जात असतील तर हे कॉलवर आधी सांगा. गुटखा, मावा किंवा सुपारी खाणाऱ्यांच्या गालाची आतली त्वचा आवळत जाते आणि तोंड कमी उघडतं. अशा तोंडात मागच्या दाढेचं रूट कॅनल किंवा इम्प्लांट अवघड होतं, कधी अशक्यही. त्या आवळण्याची स्वतंत्र तपासणी लागते, कारण त्यातून पुढे कॅन्सरचा धोका असतो. हजारो किलोमीटर फिरून आल्यावर खुर्चीत हे कळण्यापेक्षा आधी कळलेलं बरं.

औषधांची यादी कागदावर लिहा: साखर, रक्तदाब, थायरॉइड, रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या, हृदयाचा व्हॉल्व्ह किंवा स्टेंट, पेनिसिलिनची अॅलर्जी. हाडं ठिसूळ होऊ नयेत म्हणून घेतलेली गोळी किंवा वर्षातून एकदाचं इंजेक्शन लोक सांगायला विसरतात. ही औषधं चालू असताना दात काढला तर जबड्याचं हाड न भरण्याची भीती असते. तंबाखू, मिश्री, सिगारेट हेही त्याच यादीत. लाज वाटून लपवलंत तर इम्प्लांट तुमचाच सुटेल.

सावधान: रक्त पातळ करणारी गोळी फोनवरच्या सल्ल्याने बंद करू नका. हृदयाच्या डॉक्टरांना विचारूनच काय ते ठरवा.

टप्पा ३: काम कोण करणार, ते शोधा

कॉलवर बोलणारा आणि हत्यार धरणारा माणूस वेगळा असू शकतो. कोकणात हे फार घडतं. तालुक्याच्या दवाखान्यात इम्प्लांट किंवा अक्कलदाढेच्या शस्त्रक्रियेसाठी सर्जन कोल्हापूर, मुंबई किंवा गोव्याहून ठरावीक वारी येतो. त्यात गैर काही नाही, पण तुम्हाला तीन गोष्टी कळायला हव्यात: त्याचं नाव आणि पदवी, त्याचा येण्याचा वार, आणि तो गेल्यावर रात्री काही झालं तर कोण पाहणार.

पदवी विचारा. बीडीएस ही मूळ पदवी, एमडीएस ही पुढची, आणि एमडीएसच्याही शाखा असतात. रूट कॅनलची वेगळी, हिरड्यांची वेगळी, कृत्रिम दातांची वेगळी, शस्त्रक्रियेची वेगळी. महाराष्ट्रात प्रॅक्टिस करणाऱ्याकडे महाराष्ट्र राज्य दंत परिषदेचा नोंदणी क्रमांक असतो. तो मागणं हा अपमान नाही. चांगला डॉक्टर लगेच सांगतो, बऱ्याचदा तो लेटरहेडवर छापलेलाच असतो.

कुणी एजंट मध्ये असेल, अगदी तुमच्या रूममेटचा मेहुणा असला तरी, डॉक्टरशी थेट बोलणं झाल्याशिवाय पुढे सरकू नका. काम मोठं असेल, म्हणजे पाच-सहा दात किंवा पूर्ण जबडा, तर दुसरं मत घ्या. खेडला योगिता डेंटल कॉलेज आहे, मुंबईत सरकारी दंत महाविद्यालय आणि नायर रुग्णालयाचं दंत महाविद्यालय, गोव्यात बांबोळीचं. तळकोकणातल्या माणसाला बांबोळी जवळ पडतं.

तपासा: एक्स-रे न पाहता पक्का आकडा दिला? "तीन दिवसांत सगळे दात फिक्स" असं सरसकट सांगितलं? चांगले दात कापून कॅप घालायला सुचवलं? यातल्या एकालाही 'हो' असेल तर दुसरा डॉक्टर शोधा. कापलेला दात पुन्हा वाढत नाही.

टप्पा ४: व्हिडिओ कॉल

दुबई-मस्कत आपल्यापेक्षा दीड तास मागे, कुवेत-दोहा-रियाध अडीच तास. डॉक्टरची ओपीडी संपायच्या घाईच्या वेळी कॉल ठेवू नका, पंधरा-वीस मिनिटं निवांत मिळतील अशी वेळ मागून घ्या. गावाकडे पावसात वीज आणि रेंज दोन्ही बेभरवशाची, त्यामुळे पर्यायी वेळही ठरवून ठेवा.

हे प्रश्न कागदावर लिहून बसा:

- कोणत्या दाताला काय करायचं? त्याला पर्याय काय? काहीच केलं नाही तर काय होईल?
- किती भेटी लागतील, दोन भेटींत किती दिवसांचं अंतर?
- खुर्चीत तपासल्यावर बेत बदलण्याची शक्यता कितपत, आणि बदलला तर दिवस आणि खर्च किती वाढेल?
- मी परत गेल्यावर त्रास झाला तर कुणाला दाखवायचं?

कॉल संपल्यावर हाच आराखडा लेखी मागा, दाताच्या नंबरासकट. नंबरावर मी भर देतो त्याला कारण आहे. सेल्फीत उजवं-डावं उलटं दिसू शकतं. एक्स-रेवर तुमची उजवी बाजू चित्राच्या डाव्या हाताला असते. त्यात पेशंट म्हणतो "डावीकडची शेवटून दुसरी". एवढ्या गोंधळात चुकीच्या दाताचं बोलणं सहज होतं. दंतवैद्यकात दोन आकडी पद्धत चालते: पहिला आकडा बाजूचा, दुसरा दाताचा. वरची उजवी बाजू १, वरची डावी २, खालची डावी ३, खालची उजवी ४. मधल्या दातापासून मागे मोजत गेलं की सहावा दात म्हणजे पहिली मोठी दाढ. म्हणजे ३६ ही खालची डावी आणि ४६ ही खालची उजवी. आरशासमोर उभं राहून दुखणाऱ्या दाढेवर बोट ठेवा, नंबर काढा आणि आराखड्यातल्या नंबराशी जुळवा.

टप्पा ५: पैसे

टोकन द्यायचं तर तारीख अडवून ठेवण्यापुरतं, थोडं. पूर्ण रक्कम आधी पाठवू नका. यूपीआय किंवा बँक खात्यावर दिसणारं नाव दवाखान्याचं किंवा डॉक्टरचंच आहे ना, ते पाहा. नसेल तर फोन करून विचारा, मेसेजवर नको. पावती मागा आणि तपासणीनंतर काम करायचं नाही असं ठरलं तर टोकनचं काय, हे लेखी घ्या. पासपोर्टची प्रत दवाखान्याला लागत नाही, पाठवू नका.

विम्याचं आधी वाचा. काही पॉलिसींत मायदेशातल्या उपचाराचे पैसे मिळतात, पण पूर्वपरवानगी घेतली असेल तरच.

टप्पा ६: रजेचं कॅलेंडर शेवटाकडून मांडा

सगळ्यात जास्त नुकसान इथे होतं, म्हणून हा टप्पा जरा सावकाश वाचा.

परतीच्या तिकिटाची तारीख लिहा. तिच्या आधीचे सात दिवस पूर्ण मोकळे ठेवा. या दिवसांत नवं काहीही सुरू करायचं नाही. कॅप उंच लागली, हिरडी दुखली, टाका सुटला तर दुरुस्तीसाठी हेच दिवस हाताशी असतात. आता उरलेले दिवस पुढून भरा. तीस दिवसांची रजा धरली तर पहिल्या दोन-तीन दिवसांत तपासणी आणि राहिलेले एक्स-रे. पहिल्या आठवड्यात जंतुसंसर्ग काढणं, म्हणजे दात काढायचे असतील तर ते आणि रूट कॅनलची सुरुवात. दुसऱ्या आठवड्यात रूट कॅनल संपवून कॅपचं माप. माप लॅबला जाऊन कॅप यायला साधारण आठवडा धरा. तिसऱ्या आठवड्यात ट्रायल आणि कॅप बसवणं.

लॅब बहुतेकदा गावात नसते. पार्सल कोल्हापूर किंवा मुंबईला जातं. जुलै-ऑगस्टात दरड कोसळून घाट बंद झाला की ते अडकतं. गौरी-गणपतीत तर दवाखाना, लॅब, कुरिअर सगळं काही दिवस थंड असतं, आणि चाकरमानी आलेले असल्याने उरलेल्या दिवसांत गर्दी. गणपतीला येणार असाल तर दातांचं मोठं काम त्या रजेत घालू नका. घालायचंच असेल तर विसर्जनानंतर तीन आठवडे हातात असले पाहिजेत.

इम्प्लांट एका रजेत संपत नाही, हे घरच्यांनाही सांगून ठेवा. स्क्रू बसवल्यावर तो हाडाशी एकजीव व्हायला साधारण तीन ते सहा महिने लागतात, वरच्या जबड्यात जास्त. हाड कमी असल्याने भर घालावी लागली तर आणखी. सरळ हिशेब असा: या रजेत स्क्रू, पुढच्या रजेत कॅप. काही निवडक पेशंटना लगेच दात बसवता येतात, पण ते स्कॅन पाहून ठरतं, जाहिरात पाहून नव्हे.

मुंबईत उतरणार असाल आणि सीबीसीटी लागणार असेल तर डॉक्टरची चिठ्ठी आधीच मागवा आणि गावची गाडी पकडण्यापूर्वी मुंबईतच स्कॅन करून घ्या. कोकणात प्रत्येक तालुक्याला ते यंत्र नाही. मोपाला उतरणाऱ्यांनी गोव्यात उरकावं.

जहाजावरच्यांसाठी वेगळं सांगतो. तुमची रजा लांब असली तरी जॉइनिंगचा फोन कधी येईल सांगता येत नाही. म्हणून घरी आल्याच्या पहिल्या आठवड्यातच सुरुवात करा आणि एका वेळी एकच दात उघडा. चार दाढांचं रूट कॅनल अर्धवट आणि परवा मुंबईत हजर व्हायचं, ही अवस्था येता कामा नये.

सावधान: तात्पुरत्या कॅपवर किंवा अर्धवट रूट कॅनलवर विमानात बसू नका. तात्पुरतं सिमेंट निघतं, शेजारचे दात सरकतात आणि मग तयार कॅपही बसत नाही. विमानात दाब बदलला की बंदिस्त हवा किंवा संसर्ग असलेला दात ठणकतो.

टप्पा ७: पहिली भेट

कॉलवर ठरलेलं सगळं विसरून डॉक्टरला तोंड नव्याने तपासू द्या. साखर असेल तर तीन महिन्यांच्या सरासरीचा, म्हणजे एचबीएवनसीचा रिपोर्ट सोबत न्या. तो आठच्या वर असला तर मी स्वतः इम्प्लांट पुढे ढकलतो. तुमचा डॉक्टर ढकलत असेल तर हट्ट धरू नका.

बेत बदलला तर नवा आराखडा आणि नवा खर्च पुन्हा लेखी घ्या. "आलोच आहे तर सगळंच करून टाका" हे वाक्य बोलू नका. घाईत केलेल्या कामाची सुरुवात बऱ्याचदा याच वाक्याने होते.

तपासा: हत्यारांचं सीलबंद पाकीट तुमच्यासमोर फाडलं जातं का? हातमोजे नवे का? आणि भूल देण्याआधी डॉक्टर दाताचा नंबर तुमच्याकडून पुन्हा विचारून घेतो का?

टप्पा ८: परतण्यापूर्वी

मोकळ्या सात दिवसांत एकदा दाखवून या. कॅपवर दोन्ही बाजूंनी चावून पाहा. भाकरी, सुकट, घरी जे खाता तेच खा. दवाखान्यात निळा कागद चावायला देऊन तपासल्यावर बरोबर वाटलेली कॅप जेवताना उंच लागू शकते.

दात काढल्यावर दुसऱ्या ते चौथ्या दिवशी कळ वाढली तर खड्डा कोरडा पडलेला असू शकतो. सिगारेट ओढणाऱ्यांना तो जास्त होतो. हे दिवस गावीच जाऊ द्या. वरच्या जबड्यात सायनस (दाढांच्या वरची हवेची पोकळी) उचलून हाड भरलं असेल तर विमानाबद्दल सर्जनला स्पष्ट विचारा. निदान दोन आठवडे तरी उड्डाण टाळावं लागतं, शिंक दाबायची नाही आणि नाक जोरात शिंकरायचं नाही.

सोबत न्यायचे कागद, इंग्रजीत, म्हणजे तिकडच्या डॉक्टरला वाचता येतील:

- काय केलं त्याचा सारांश, दातांच्या नंबरांसह, सही-शिक्क्याचा
- कामाच्या आधीचे आणि नंतरचे एक्स-रे, फाइल स्वरूपात
- इम्प्लांट असेल तर त्याच्या डबीवरचं स्टिकर: कंपनी, मॉडेल, जाडी, लांबी, लॉट नंबर
- झिरकोनिया कॅपचं वॉरंटी कार्ड
- औषधांची चिठ्ठी, औषधाच्या मूळ नावाने

स्टिकरशिवाय इम्प्लांटवाला पेशंट परदेशात गेला आणि स्क्रू सैल झाला, तर तिकडच्या डॉक्टरला कोणती चावी लावायची हेच कळत नाही. प्रत्येक कंपनीचे भाग वेगळे असतात.

सावधान: गोळ्यांची पाकिटं बॅगेत टाकण्यापूर्वी मागची बारीक अक्षरं वाचा. दात काढल्यावर आपल्याकडे कधी कधी ट्रामाडोल आणि पॅरासिटामॉलची एकत्र गोळी देतात. ट्रामाडोल आणि कोडीन ही संयुक्त अरब अमिरातीत नियंत्रित औषधं आहेत. तिथल्या सरकारी परवानगीशिवाय ती नेली तर विमानतळावर अटकेपर्यंत वेळ येऊ शकते. इतर आखाती देशांतही नियम कडक आहेत. डॉक्टरला पहिल्याच भेटीत सांगा, "मी आखातात परत जाणार आहे, तिथे न चालणारं औषध लिहू नका." उरलेल्या गोळ्या घरीच ठेवून जा.

टप्पा ९: तिकडे पोहोचल्यावर

पहिल्या आठवड्यात आणि महिन्याने, टप्पा दोनमधल्या रीतीने फोटो पाठवा. किरकोळ टोचणं, अन्न अडकणं हे फोनवर सुटतं. पू, वाढती सूज, इम्प्लांट हलल्यासारखा वाटणं, बोटाने दाबूनही अर्ध्या तासात न थांबणारं रक्त यासाठी तिकडचाच डॉक्टर गाठा आणि कागदांची फाइल त्याच्यासमोर ठेवा. असा एक दंतवैद्य निघण्यापूर्वीच हेरून ठेवलेला बरा.

काम चुकलं असं वाटलं तर आधी डॉक्टरला लेखी कळवा, फोटो आणि तारखांसह. दाद मिळाली नाही तर ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ प्रमाणे तक्रार तुम्ही राहता त्या जिल्ह्याच्या ग्राहक आयोगातही करता येते, दवाखाना मुंबईत असला तरी. मुदत दोन वर्षांची, आणि तक्रार ऑनलाइन भरण्याची सोय आहे. पावत्या, लेखी आराखडा आणि व्हॉट्सअॅपवरचं बोलणं पुसू नका. फोन बदलताना त्याचा बॅकअप घ्या.

इम्प्लांटची कॅप बाकी असेल तर पुढच्या रजेची तारीख कळताच तिकडेच त्या जागेचा एक छोटा एक्स-रे काढून पाठवा. हाड धरलेलं दिसलं तरच डॉक्टरकडून मापाची तारीख घ्या, आणि मग तिकीट काढा.